मुकुंदरावांची बोटं

स्नेहा: ...बदलून द्या म्हणायला मी आलेच नाही, मुकुंदकाका. गेल्या महिन्यात तुम्ही आमच्या ह्यांच्यासाठी शर्टाचं कापड दिलंत ना, ते शुद्ध सुती आहे का, एवढंच सांगा.

मुकुंदराव: हे काय विचारणं झालं, बाई? आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला अन् आम्ही हैद्राबादेतच राहिलो, त्या साली काचीगुड्यात हे दुकान काढलं. चाळीस वर्षं झाली. कापडाच्या एका ताक्याला चिठ्ठी लावली नाही. मी बोट लावतो अन् सांगतो. तेच आमचं लेबल.

त्रिवेणी: मामंजी, आधी ताईंना बसू तर द्या. पोटुशी बाई उभी हाय. बसा ताई, पंख्याखाली बसा. कितवा?

स्नेहा: सातवा लागला. मे महिन्याची तारीख दिलीय.

मुकुंदराव: सुनबाई, माठातलं पाणी दे त्यांना. हां, आता सांगा. झालं काय?

स्नेहा: पुष्करची कंपनी नवीन आहे. कॉम्प्युटरची. सकाळी आठला टाय बांधूनच निघायचं असा नियम. ऑफिसात एसी आहे, पण नल्लकुंट्यापासून दोन बस बदलून तिथपर्यंत पोचेतो जीव जातो. त्यात हे दोन शर्ट शिवल्यापासून मानेला, पाठीला घामोळं उठलंय. नुसतं घामोळं नाही, सोलून निघालंय. डॉक्टर म्हणाले, सुती घाला. मी म्हटलं, सुतीच आहे, काचीगुड्याच्या मुकुंदरावांनी हात लावून दिलंय. अगदी ताठ मानेनं म्हटलं हो.

मुकुंदराव: मग?

स्नेहा: त्यांनी कॉलर चिमटीत धरून चोळली आणि म्हणाले, खात्री आहे?

मुकुंदराव: डॉक्टरला कापडातलं काय कळतंय! मी त्याच्या नळीनं छाती तपासू लागलो तर चालंल का?

त्रिवेणी: ताई, धुतल्यावर शर्ट कसा राहतोय?

स्नेहा: मस्त राहतो. दोरीवरून काढला की घालायचा. इस्त्रीसुद्धा लागत नाही. मी तर खूश होते.

त्रिवेणी: इस्त्री लागत नाही?

स्नेहा: का? त्यात काय?

त्रिवेणी: मामंजी, तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगता. सुती कापड धुतल्यावर चुरगळणारच. ज्याला चुरगळायचं माहीत नाही, ते कापूस नाही म्हणून.

मुकुंदराव: तू मधी बोलू नको. आता नवीन नवीन मशिनी आल्यात. बाहेरचा माल येऊ लागला. कापडाला वरून काय काय चोपडतात. असंल तसलं काही.

स्नेहा: काका, मला कापडातलं काही म्हणजे काही कळत नाही. पुण्यात आई घ्यायची, मी घालायची. पण सुती आणि दुसऱ्यात एवढा फरक असतो का? दिसायला तर सारखंच.

मुकुंदराव: दिसण्यावर जाऊ नका. सुती कापड घाम पितं अन् वाऱ्याला देऊन टाकतं. तेवढ्यानं अंग गार होतं. टेरिकॉट पीत नाही. घाम अंगावरच बसून राहतो, मग कातडी उतते. अन् नुसतं सुती असूनबी भागत नाही. आमच्या अंबरपेठच्या पोलिसांचा खाकी ड्रेस सुतीच असतो, पण वीणच अशी घट्ट की उन्हाळ्यात तंदूर होतंय आत. वीण मोकळी पाहिजे. मलमल घ्या, वॉइल घ्या, हातमागाचं घ्या. उजेडापुढं धरलं की कापडातून वारं जाईल का ते दिसतंय. कळलं?

स्नेहा: कळलं. म्हणूनच तर विचारतेय. आज मी खरं तर दुसऱ्याच कामासाठी आलेय. बाळाच्या झबल्यांसाठी मलमल हवी आहे. वैशाखात बाळ येणार, इथला उन्हाळा, आमच्या घरावर थेट गच्ची. पुष्कर म्हणाला, सिकंदराबादला मोठ्या दुकानात जाऊ, तिथं लेबल असतं. मी म्हटलं, आधी काकांना विचारते. तुमचा शब्द घेऊ ना?

मुकुंदराव: घेऊ ना म्हणजे? असं आजवर कुणी विचारलं नाही मला.

स्नेहा: माफ करा, पण मोठ्या माणसाचं निभावतं हो. ते लेकरू सांगू शकणार नाही.

मुकुंदराव: आणा तो शर्ट. पिशवीतून कॉलर दिसतेय, तोच ना? द्या इकडं. सुनबाई, काड्यापेटी दे. हे बघा बाई, शिवणीच्या आतून एक धागा काढतो. सुती असला तर कागद जळल्यासारखा वास येईल, राख पडंल, फुंकली की उडून जाईल. टेरिकॉट असलं तर धागा आकसतो अन् टोकाला काळा मणी धरतो, दगडासारखा. ह्यात खोटं चालतच नाही. आत्ता दूध का दूध, पानी का पानी.

(काडी ओढल्याचा आवाज.)

स्नेहा: अरे, हा तर गोळा झाला.

त्रिवेणी: मणीच हाय.

मुकुंदराव: थांबा. दुसरा धागा घेतो. हा शिलाईचा दोरा असंल.

त्रिवेणी: शिलाईचा नाही, मामंजी. तुम्ही कापडातनंच ओढला. मी बघितलं.

मुकुंदराव: हा बघा, हा आडवा... हा... हाबी...

त्रिवेणी: मामंजी, काडी! अहो, काडी सोडा! बोट!

स्नेहा: बापरे! पाणी घाला, पाणी. फोड येणार आता.

मुकुंदराव: काही नाही झालं. खालीपिली आरडाओरडा करायलीस.

त्रिवेणी: कातडं करपल्याचा वास येतोय, अन् काही नाही झालं? दुखंना का तुम्हाला?

मुकुंदराव: नाही ना दुखत.

त्रिवेणी: परवाबी असंच. अंबरपेठच्या बाजारात डाव्या पायातली चप्पल निसटली, अन् तुम्ही एका चपलेनं घरापतूर आलात. मी विचारलं तर म्हणलात, ध्यान नव्हतं.

स्नेहा: काका, तुम्हाला शुगर आहे का?

त्रिवेणी: बारा वर्षांची. गोळी एक दिवस घ्यायची, दोन दिवस विसरायची.

स्नेहा: माझ्या मावशीला असंच झालं होतं. आधी पावलं बधिर झाली, मग बोटं. डॉक्टरांना लगेच दाखवा. थांबू नका.

मुकुंदराव: किती दिवसांपासून हाय, सांगू का? दिवाळीपासून. आधी वाटलं थंडी हाय. मग ताका हातात घेतला की हातमोजा घातल्यावानी व्हायचं. मलमल अन् पॉपलिन सारखंच लागायचं. कुणाला सांगणार? माझी सगळी दुकानदारी ह्या दोन बोटांत. ती गेली म्हणून सांगितलं तर गादीवर बसायचं कोण्या तोंडानं?

स्नेहा: मग हे कापड तुम्ही...

मुकुंदराव: डोळ्यानं दिलं. रंग चांगला, वीण बारीक. म्हणलं, असंल सुती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा 'असंल' म्हणून दिलं. माझी चूक झाली, बाई. तुमच्या मालकांची पाठ सोलली, ती माझ्यामुळं.

त्रिवेणी: चूक माझीबी हाय, ताई. ताका आला त्या दिवशी मी मुठीत दाबून बघितलं होतं. सोडल्यावर एकबी सुरकुती राहिली नाही. मला तवाच कळलं होतं.

मुकुंदराव: मग बोलली का नाहीस?

त्रिवेणी: तुमच्यापुढं? अठरा वर्षं झाली लग्नाला. मी मीटर लावायची, कैची चालवायची, पुडकं बांधायची. ताका उलगडून पारखायला कधी दिला मला? एकदा हात लावला तर म्हणलात, बायकांनी पातळं बघावी.

मुकुंदराव: म्हणलो होतो.

स्नेहा: मी येते काका. उगाच तुम्हाला...

मुकुंदराव: बसा. लेकराचं काम घेऊन आलात, तसंच जायचं नाही. सुनबाई, वरच्या फळीवरचे मलमलीचे तिन्ही ताके काढ.

त्रिवेणी: हे घ्या.

मुकुंदराव: मला कशाला देतीस? तू सांग.

त्रिवेणी: मी?

मुकुंदराव: तूच. डोळे मिटून हात लाव. घाई करू नको.

त्रिवेणी: हे... हे चांगलंय, पण कांजी लई हाय. लेकराला टोचंल. हे दुसरं निसरडं लागतंय, हे नक्को. तिसरं ऊन लागंना अन् गारबी लागंना. हातात हाय का नाही तेच कळंना.

मुकुंदराव: तेच. तेच द्यायचं त्यांना. बाई, शिवायच्या आधी दोनदा धुवून घ्या, आटतं. शिवण बाहेरून ठेवायची, आतून नाही. आजपासून शब्द हिचा.

स्नेहा: काका, एक धागा जाळून बघायचा का? राग मानू नका.

मुकुंदराव: राग कसला? जाळल्याशिवाय घेऊच नका. अन् सुनबाई, चारला अप्पाराव उन्हाळ्याचा माल घेऊन येईल. त्याच्या समोर तू बस. तू सांगशील ते ठेवायचं, बाकीचं परत.

त्रिवेणी: आन तुम्ही?

मुकुंदराव: मी बाजूला बसून काड्या ओढतो.

त्रिवेणी: काडीबी मीच ओढणार. भाजलेलं तुम्हाला कळायचं नाही.

मुकुंदराव: बरं. मग मी वास घेतो. वास येतोय अजून.