जिभेला लावलेला साबण

मी मूळची वाणगावची, वडिलांचा भाजीचा धंदा, आणि टोपलीत वर चकचकीत वांगी अन् खाली किडकी, ती वडीलच रचताना बघत मी मोठी झाले, त्यामुळे कुणावर विश्वास ठेवायची सवयच नाही मला, काय सांगू तुम्हाला, लग्नात सप्तपदीची पावलंसुद्धा मी मोजली.

सासर डहाणूचं. हे रेल्वेत, सासूबाई कडक सोवळ्याच्या. मग ऐंशी सालानंतर कधीतरी धाकटी जाऊ आली, कुसुम, कोसबाडकडची, कुठल्याशा वर्गात साबण करायला शिकलेली. नाकाला फडकं बांधून मागच्या पडवीत बसायची, खोबरेल तेल, कॉस्टिक सोडा, कडुलिंबाचा वाटलेला पाला ढवळायची, खोक्यात ओतायची, दुसऱ्या दिवशी वड्या कापून महिनाभर फळीवर वाळवायची. शाळेतल्या बाई वड्या मागायला लागल्या तशी पोरीच्या चेहऱ्यावर तेज आलं, स्वतःचं असं तेवढंच होतं हो तिचं. पण दुकानातल्या साबणाला कागद असतो, नाव असतं, हिच्या वड्या अशाच उघड्या, मग मला संशय येणार नाही तर काय?

मी पाळत ठेवली. एका दुपारी बघते तर कुसुम फळीपाशी उभी, एकेक वडी उचलते, जिभेचं टोक लावते आणि परत ठेवते. माझ्या अंगावर काटा आला. तशीच सासूबाईंकडे गेले, म्हटलं आई, तुम्ही सोवळं नेसता ते अंगाला कुसुमचं उष्टं चोळून नेसता. त्यांनी त्या संध्याकाळी नुसत्या पाण्याने दोनदा आंघोळ केली आणि कुसुमला बोलावलं, खरं का हे? ती म्हणाली हो आई, तसंच बघायचं असतं, शिकवलंय आम्हाला. मी मध्येच, शिकवलंय म्हणे, आम्हाला नाही कुणी चाटायला शिकवलं! सासूबाई म्हणाल्या बंद, आता आहे तेवढा खोका संपव आणि पडवी मोकळी कर. कुसुम रडली नाही, नुसतं बरं म्हणाली, त्याचाही मला संशय आला.

आता खरं सांगते, त्या साबणाने माझी कातडी मऊ राहायची, खाऱ्या वाऱ्यात फुटायची नाही, चटक लागली होती मला. मी डोकं चालवलं. नुकत्या कापलेल्या वड्यांना तिची जीभ लागली नव्हती, म्हणजे शुद्ध! त्यातली एक पदराखाली लपवून नेली आणि चेहऱ्याला दोनदा चोळली. आधी गरम लागलं, मग चुरचुर, मग आग आग, चेहरा लाल मिरचीसारखा.

ओरडले तशी कुसुम धावली, मला नळाखाली बसवलं, किती वेळ पाणी सोडत होती, विचारते कुठली घेतलीत ताई? मी बोट दाखवलं. अहो ती कालची, तिच्यात कॉस्टिक अजून जिवंत आहे, म्हणून तर जीभ लावते मी, कच्ची असली की चटका बसतो, मग आणखी आठ दिवस ठेवते. आणि तिनं जीभ काढून दाखवली, टोकाला लाल ठिपके. सासूबाई दारात उभ्या. म्हटलं आता कुसुमची खैर नाही. तर त्या मलाच म्हणाल्या, उष्टं नको म्हणून चोरून घेतलीस होय गं? मग म्हणाल्या पडवी राहू दे कुसुम, जीभ लावून झाली की वडी धुवून पुसत जा, आणि यापुढे अर्ध्या वड्यांना हिची जीभ.

बसले बाई मी जीभ लावायला. एका फळीच्या तीन झाल्या. वापरायचं कसं तेही तिनंच शिकवलं, वडी पाण्यात लोळू द्यायची नाही, भोक पाडलेल्या करवंटीत ठेवायची.

आता सासूबाई नाहीत, कुसुमचं बिऱ्हाड तलासरीला. परवा तिनं हळदीचा कसलासा नवीन लेप पाठवला, ताई लावून बघा. मी निरोप धाडला, आधी तू लाव, आणि माझ्यासमोर लाव. ती आली हो, एसटीने, केवढ्या उन्हात, माझ्या ओट्यावर बसून तोंड पिवळं केलं आणि म्हणाली, आता तुमची पाळी. लावला मग. अशी जाऊ देव सगळ्यांना देवो.