उजवी बाजू रिकामी

(किर्गिझस्तानातलं नारीनकडचं एक डोंगराळ गाव, दुपारची वेळ. बेगीमाय चुलीपाशी बोर्सोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळते आहे. उद्या सासरच्या सगळ्या बायका तिच्याकडे जेवायला यायच्या आहेत. तिची थोरली बहीण नूरझात, जिला ती एजे म्हणते, सकाळीच बिश्केकहून आली आहे आणि बाळाच्या पाळण्याला झोका देत एका कंपनीचा गुळगुळीत रंगीत कागद वाचते आहे. सासूबाई, ज्यांना दोघी अपा म्हणतात, घरात नाहीत.)

नूरझात : झारा खाली ठेव आणि परत सांग. तुझ्या डाव्या हाताखाली कोण आहे?

बेगीमाय : तेल तापलंय, एजे. तळता तळता सांगते ना.

नूरझात : तळता तळताच झालंय हे सगळं. कोण आहे डावीकडे?

बेगीमाय : कुणी नाही.

नूरझात : आणि उजवीकडे?

बेगीमाय : तिकडेही कुणी नाही.

नूरझात : मग एवढ्या बायका तू कंपनीत आणल्यास, त्या गेल्या कुठे? जावा, नणंदा, चुलत घरातल्या सुना?

बेगीमाय : आहेत की. माझ्या वर आहेत.

नूरझात : वर?

बेगीमाय : मग काय खाली बसवू? थोरल्या जाऊबाई माझ्या खाली, असं कागदावर लिहून देऊ? या घरात तोंड दाखवायला जागा राहिली असती का मला? कंपनीच्या झिपारताईंनी विचारलं, कुणाला कुठे घालायचं. मी म्हटलं, आमच्यात जेवायला बसतात तसं. आधी थोरल्या जाऊबाई, त्यांच्या खाली मधल्या, मग नणंदा, मग बाकीच्या. माझं नाव सगळ्यात शेवटी.

नूरझात : एकीखाली एक? सरळ ओळीत?

बेगीमाय : वयाप्रमाणे.

नूरझात : आणि त्या बाईनं तसंच भरून घेतलं?

बेगीमाय : घेतलं. वर म्हणाल्या, संस्कार बघावेत तर तुमच्या घरात.

नूरझात : म्हणेलच. तिचं काय जातंय? थोडे बोर्सोक दे इकडे.

बेगीमाय : गरम आहेत अजून. तोंड पोळेल.

नूरझात : खायला नकोत, दाखवायला हवेत. हे बघ. ही झिपार. ही तिच्याखाली तुझी थोरली जाऊ. ही मधली. ही नणंद. आता असंच मांडत गेले तर शेवटचा कुठे येतो?

बेगीमाय : दाराशी.

नूरझात : दाराशी. जिथे तू रोज बसतेस चहा ओतायला. आता कंपनीचा नियम ऐक. प्रत्येकीला दोन हात, डावा नि उजवा. कंपनी पैसे देते ते दुबळ्या हाताच्या मापानं. डावा कितीही भरला आणि उजवा रिकामा असला, तर पैसे रिकाम्या हाताचे. या ओळीत कुणाचा उजवा हात भरलेला दिसतोय तुला?

बेगीमाय : ...झिपारताईंचा?

नूरझात : तिच्या एका हाताला तुम्ही सगळ्या, दुसऱ्या हाताला दुसरं कुठलं तरी गाव. तिची जोडी जमली. तुमच्यातल्या एकीचीही जमत नाही. तुझी तर कधीच नाही. तुझे दोन्ही हात रिकामे.

बेगीमाय : पण पॉइंट साठतात म्हणे.

नूरझात : महिना संपला की पुसतात. ही खालची बारीक अक्षरं वाचलीस?

बेगीमाय : ती रशियनमध्ये आहेत. मला वाटलं, पत्ता असेल.

नूरझात : आणि दर महिन्याला त्यांच्या पावडरचा नवा डबा घेतला नाही तर नाव गोठवतात. मी दोन कंपन्यांत पोळलेय, बेगीमाय. दोन्ही वेळा स्टेजवर मांडलेल्या बक्षिसाच्या मोटारीकडे बघत बसले. बघायचं असतं एकच, की माल बाहेरचं कुणी घेतं का. घेतं का इथे?

बेगीमाय : घेतात ना. मधल्या जाऊबाईंनी दोन डबे जास्तीचे घेतले.

नूरझात : त्या बाहेरच्या झाल्या का? बरं, खातात तरी का ती पावडर?

बेगीमाय : कोंबड्यांना घालतात. अंडी मोठी झाली म्हणतात.

नूरझात : चला. कुणाची तरी बढती झाली.

बेगीमाय : हसू नकोस, एजे.

नूरझात : हसत नाहीये मी. अगं, तू शाळेत आम्हा सगळ्यांपेक्षा हुशार होतीस. कसली घाई झाली होती तुला?

बेगीमाय : हळू बोल, बाळ उठेल. घाई... मेदेरचा फोन आला ना, की हा फोनची काच चाटतो. बापाचं तोंड दिसतं तिथे चाटतो. मेदेर तिकडून हसतो, म्हणतो, मी खारट लागतो का रे? मग फोन ठेवतो आणि परत लोकांच्या गच्च्यांवरचा बर्फ ओढायला जातो. झिपारताई म्हणाल्या, हिऱ्याची पायरी गाठलीस की नवऱ्याला मॉस्कोत राहायची गरज नाही. मला बाकीचं काही ऐकूच आलं नाही.

नूरझात : ...तेल जळतंय बघ.

बेगीमाय : आणि उपाय आहे म्हणाल्या. कुणीतरी मोठं पॅकेज घेतलं तर त्याला सगळ्यांच्या वर बसवता येतं. मग त्याच्या उजव्या हाताला नवी ओळ सुरू करायची.

नूरझात : नवी ओळ कुणाची? गावात आता उरलंय कोण? आणि मोठं पॅकेज घेणार कोण?

बेगीमाय : वर बसायचं म्हणजे वयानं सगळ्यात मोठंच हवं ना.

नूरझात : अपा? त्यांच्याकडे कुठून आले पैसे?

बेगीमाय : हे पीठ जरा सैलच झालंय.

नूरझात : बेगीमाय.

बेगीमाय : घोडी आहे ना त्यांची.

नूरझात : ती करडी? ती तर त्यांनी...

बेगीमाय : हो.

नूरझात : ती त्यांच्या मयताची घोडी आहे. त्या गेल्यावर कापून, जमणाऱ्या माणसांच्या पानात वाढावी म्हणून राखलेली. स्वतःच्या हातानं वाढवलेली.

बेगीमाय : मला माहीत नाही का? रोज तिला पाणी मीच पाजते. मी नाही मागितली, एजे. त्यांनी मला गोठ्यात रडताना बघितलं. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी झिपारताईंना निरोप धाडला.

नूरझात : आल्या की आधी त्यांना सांग. आधी तेच, मग चहा.

बेगीमाय : काय सांगू? की तुमच्या सगळ्या सुना-लेकींना मी एका दावणीला बांधलं, आणि दूध दुसरीच काढतेय?

नूरझात : हेच सांग. गेल्यात कुठे त्या?

बेगीमाय : शेजारी असतील. सकाळी चहाही न घेता गेल्या.

नूरझात : आज वार कुठला?

बेगीमाय : रविवार.

नूरझात : रविवारी गुरांचा बाजार असतो ना गं? तू सकाळी घोडीला पाणी पाजलंस का?

बेगीमाय : आज नाही. अपा म्हणाल्या, राहू दे, मी पाजते. ...एजे, दार.

अपा : दार उघडंच आहे, बसा बसा. उठू नका. तळणाचा वास पार ओढ्यापर्यंत येतोय. नूरझात, तू कधी आलीस?

नूरझात : सकाळी, अपा. या, वर बसा.

अपा : इथेच टेकते जरा. पायांचा पार भुगा झालाय. हे बोर्सोक दारापर्यंत कुणी मांडलेत?

बेगीमाय : अपा, हातात काय आहे तुमच्या?

अपा : म्होरकी आहे. तुला दिसत नाही का?

बेगीमाय : आणि घोडी?

अपा : घोडी गेली म्हणून तर म्होरकी हातात आहे. गिऱ्हाईक म्होरकीसकट मागत होतं. म्हटलं, घोडी ने, म्होरकी आमची. म्होरकी गेली की घरातलं घोड्याचं भाग्यच मागोमाग जातं.

नूरझात : पैसे कुठे आहेत, अपा?

अपा : ती झिपार बाजाराच्या फाटकातच उभी होती. मोजायचा त्रासदेखील मला पडू दिला नाही.

नूरझात : तिची गाडी कुठल्या रस्त्यानं गेली? कुणाला तरी मागे पाठवू?

अपा : आता पार घाटापलीकडे असेल. बर्फाच्या आधी उतरायचं म्हणाली. मला घरी सोडणार होती, पण तिला उशीर झाला. आले मग चालत. नूरझात, तू खाली का बघतेस? तुला यातलं कळतं म्हणतात. चांगलं झालं ना?

नूरझात : बेगीमाय सांगेल, अपा.

बेगीमाय : ...अपा, ते पैसे आता येणार नाहीत. तुमचेही नाहीत आणि बाकीच्यांचेही. मी सगळ्यांना जेवायला दस्तरखानावर बसवतात तसं बसवलं, थोरल्या वर, मी खाली. तिथे तसं चालत नाही.

अपा : मग कसं चालतं?

बेगीमाय : तिथे धाकटीनं वर बसायचं, आणि थोरल्यांनी खालून तिला भरवायचं.

अपा : आणि मला कुठे बसवलंय?

बेगीमाय : सगळ्यांच्या वर.

अपा : एकटीच?

बेगीमाय : हो. तुमची उजवी बाजू रिकामी आहे.

अपा : हं.

बेगीमाय : चुकलं माझं, अपा. मला बोला काहीतरी.

अपा : काय बोलू? मीही तशाच बसवल्या असत्या. बाळ उठलंय, घे त्याला आधी. ...उद्या सगळ्या येतील, तेव्हा त्यांना सांग. पोटभर जेवू दे आणि मग सांग. थोरली ओरडेल. ओरडू दे.

बेगीमाय : घोडीचं पण सांगू?

अपा : ते सांगायला नको. ही म्होरकी तिथे खुंटीला अडकव, येता-जाता दिसेल अशी. आणि चहा ओत आता. दुसरी घोडी दावणीला उभी राहीपर्यंत मला काही जाता यायचं नाही.