फ्रीजवरचा हुकूम

माझ्या थोरल्या दिरांचं सांगते. फौजेतून सुभेदार होऊन घरी आले आणि आठवड्यात म्हणाले, "ह्या घरात शिस्तच न्हाई. रोज सांजच्याला 'काय करू, काय करू!' आता मी ठरवणार." जन्मात कधी चहा केला नाही, पण आठवडाभराचं जेवण लिहून कागद फ्रीजवर चिकटवला. बाजारही तेवढाच आणायचा. वर तंबी, "एकदा ठरलं की बदल न्हाई!"

बुधवारी दोडका होता. नेमके तेव्हाच आटपाडीहून नणंदेचे मालक आले, न कळवता. दीर खूश. "बसा दाजी, जेवूनच जायचं!"

जाऊबाईंनी ताट वाढलं. दोडका आणि भाकरी.

दीर आत येऊन कुजबुजले, "अगं, जावयाला दोडका? मटण कुठाय?"

"आवं, मटण रविवारी. ठरलं की बदल न्हाई."

दाजी जेवले. निघताना दिरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "फौजेत जेवणाचं लय हाल काढलं म्हणायचं तुमी."

दुसऱ्या दिवशी कागद गायब. संध्याकाळी दीर ओट्यापाशी घुटमळत म्हणाले, "आज काय हाय जेवायला?"

जाऊबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "ताटात पडल्यावर कळंल."