विडीची सुट्टी

...आणि परत तेच, विडी. तुम्हाला सांगतो, माझा मोठा भाऊ सुकऱ्या, आमचा दादा, चौतीस वर्षांचा, सात वर्षं खडीच्या क्रशरवर दगड टाकून टाकून त्याच्या छातीचा भाता झाला, बसून झोपायचा, उठून खोकायचा, संक्रांतीच्या आधी गेला, आणि ज्याला सांगावं तो मान डोलावून विचारतो काय, तर ‘विडी प्यायचा का?’ अहो, नव्हता पीत. जन्मात नव्हता पीत. पण कागदावर लिहिलंय ना. माणूस गेला, कारण काय, तर विडी.

आता तुम्ही म्हणाल, कागद खोटं कशाला बोलेल? कागद नाही बोलला, दादाच बोलला. थांबा, सांगतो.

हा क्रशर हायवेला, अच्छाडच्या अलीकडे. धूळ किती, तर संध्याकाळी सगळी माणसं पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी, बायको नवऱ्याला आवाजावरून ओळखणार. डबा उघडला की भाकरीवर आधी फुंकर मारायची, मग घास. आणि मुकादम परेशभाई काचेच्या खोलीत पंखा लावून. त्याचा एक कायदा होता. दिवसातून चार वेळा विडी प्यायला दहा मिनिटं सुट्टी, लांब चिंचेखाली जाऊन. कोणाला? विडी पिणाऱ्याला. न पिणाऱ्याने काम चालू ठेवायचं. दादा पहिल्याच आठवड्यात विचारायला गेला, भाई, मीपण जाऊ का, तर परेशभाई म्हणतो कसा, ‘तू तो विडी पीत नाय, तो बाहेर जईने काय करवानो? हवा खाणार?’

अहो, हवाच खायची होती त्याला!

मग काय करणार, दादाने विडीचं बंडल घेतलं. चिंचेखाली बसायचं, विडी पेटवायची आणि बोटांत धरून ठेवायची. आता ज्यांनी कधी ओढली नाही त्यांना सांगतो, विडी ही लाडावलेली असते, ओढली नाही की विझते. आणि परेशभाई काचेतून बघणार, धूर निघतोय का. मग दादा परत पेटवणार, परत विझणार, बंडलापेक्षा काडेपेट्याच जास्त लागायच्या. शेवटी शेजारच्या मिथुनला दया आली, म्हणाला, ‘सुकऱ्या, आण इकडं, तुझी पण मीच ओढतो.’ म्हणजे बघा, मिथुन दोघांच्या विड्या ओढतोय, दादा नुसती धरून बसलाय, आणि हिशेबात दोघे सारखे विडीवाले.

मग दोन हजार सतरा साली तपासणी आली. मुंबईच्या श्रुतिका मॅडम, हातात टॅब, बाई बिचारी चांगली, खोटं कशाला बोलू, उन्हात बसून एकेकाला विचारत होती. कामामुळे छातीला काय होतं ते शोधायचं होतं तिला. पण खुर्ची दिली परेशभाईने, आणि खुर्चीच्या मागे उभा कोण, तर तोच. मॅडमनी विचारलं, ‘विडी पिता का?’ दादाने मान वर केली, वर परेशभाईचं तोंड. नाही म्हणाला तर चार वेळची हवा बंद. म्हणाला, पितो. किती? चार. किती वर्षं? सात. मॅडमनी बोट टेकवलं, दादाचा फोन नंबर घेतला, झालं.

आणि असा काय एकटा दादा होता? अर्धा क्रशर तसाच. बायजीला विचारलं, ती दिवसभर पाट्या उचलते, विडी नाही पीत, तरी खोकते. मग खोकला कशाने? मागून परेशभाई, ‘घरी चूल असेल.’ आहे ना चूल, चूल कोणाकडे नाही? आणि ज्यांची छाती पार गेली ते तर कधीच काम सोडून पाड्यावर पडून होते, त्यांना विचारायला कोण जाणार, ते हजेरीत नाहीत.

वर्षाने शाळेत सभा झाली. तोवर दादा गेला होता. मॅडम उभ्या राहिल्या, म्हणाल्या, धुळीचा त्रास वाटतो, पण खात्रीने सांगता येत नाही, कारण बहुतेक जण विडी पितात, न पिणारे मोजून पाच निघाले, पाचांवरून काय सांगणार? तिचं बरोबर असेल, मी चौथी शिकलेला माणूस. पण परेशभाईला केवढा हुरूप आला! दुसऱ्या दिवशी क्रशरवर बोर्ड, विडी आरोग्याला घातक, आणि चिंचेखालची सुट्टी बंद. सगळ्यांची. कामगारांच्या तब्येतीसाठी हो. माणसं दिवसभर धुळीत, कारण काय, तर विडी.

माझं डोकं फिरलं. मी घोलवडला चिकूच्या पॅकिंगला जातो, खोकं तसंच टाकलं आणि सुटलो डहाणूला. मॅडम कामापुरती तिथे राहायची, खोली मसोलीला. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून दोन किलो चिकू नेले. भांडायला निघालो होतो आणि चिकू नेले, आता काय सांगू. मॅडमना म्हटलं, माझा भाऊ पीत नव्हता, फक्त धरायचा. ते नीट करा. त्याच्या नावावर धूळ लिहा, विडी नको. वहिनी लोकांना सांगून थकली, त्याची सासूपण म्हणते जावयाने विडीपायी जीव घालवला. निदान तुमच्याकडे तरी खरं राहू दे.

मॅडमचे डोळे भरले. टॅब उघडला. ‘कधीच नाही’ दाबलं, तर लाल झालं. परत दाबलं, परत लाल. म्हणाल्या, ‘आधी “पितो” लिहिलंय, म्हणून आता “कधीच नाही” हे टॅब घेत नाही.’ म्हटलं, मग मेला लिहा. म्हणाल्या, ‘ते पुढच्या पानावर आहे, हे भरल्याशिवाय पान पुढे जात नाही.’ म्हणजे बघा, माझ्या भावाला मरायचं असलं तरी आधी विडीचं उत्तर द्यायला लागतं. मग घेतं तरी काय? दोनच गोष्टी घेत होतं. ‘पितो’, नाहीतर ‘सोडली’.

‘आणि तुम्ही सांगितलं ते मी शेऱ्यात लिहिते, सगळं लिहिते,’ मॅडम म्हणाल्या.

‘शेरा मोजतात का?’

मॅडम म्हणाल्या, ‘नाही. पण लिहिते.’

मेलेल्या माणसाला ‘पितो’ कसं लिहू द्यायचं? म्हटलं, दाबा, सोडली दाबा.

परत येताना टमटममध्ये बसलो. दादाचा फोन माझ्याकडेच असतो, वहिनी नंबर बंद करू देत नाही. तो वाजला. मेसेज. बारीक अक्षर मला जमत नाही, शेजारच्या बाईला म्हटलं, ताई, वाचा जरा. तिने वाचलं, ‘सुकऱ्या, विडी सोडल्याबद्दल अभिनंदन. तुमच्या तब्येतीत लवकरच फरक पडेल.’

बाई म्हणाली, ‘चांगलं केलं हो. कोण, भाऊ का? पडला का काही फरक?’

म्हटलं, पडला ना. खोकला एकदम थांबला.