कॅन्टीनच्या एसीचं बटण

चाकणला कंपनीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढं दोघं. एकाच्या गळ्यात निरोपाचा हार तसाच.

"लक्ष्मणराव, आज रिटायर झालो म्हणून सांगतो. कॅन्टीनमधलं एसीचं बटण कशालाच जोडलेलं नाही."

"अवो चांदभाई, मी धा वर्सं हेच सांगतोय. समदे मला येडा म्हनायचे. तुमी बी हसायचा."

"मीच बसवलं होतं ते. साहेब म्हणाले, लोकांना फिरवायला काहीतरी द्या, भांडणं थांबतील."

"थांबली की."

"आता सांगा खुशाल सगळ्यांना."

"नगं. पुन्हा भांडत बसत्याल."

"पण तुम्हाला माहीत होतं, तर रोज जेवायच्या आधी उठून ते तेवीसवर कशाला आणायचात?"

"त्याबिगर गार वाटायचं न्हाई, राव."