युद्धातला भात

आमच्या आबाकाकांचं ऐका. एकाहत्तरच्या युद्धात ते नौदलाच्या बोटीवर स्वयंपाकी होते. परवा बोटीवरचे त्यांचे जुने दोस्त सावंतकाका संगमेश्वराहून रत्नागिरीला आमच्याकडे जेवायला आले. काकूने गरम भात वाढला, तर यांनी आधी एक शीत चिमटीत दाबून बघितलं. काकूचा चेहराच पडला.

"वहिनी, तुमच्यावर संशय नाही हो. जुनी सवय."

आबाकाका भडकले. "अरे, हल्ल्याचा भोंगा वाजला की शेगड्या विझवायच्या, असा हुकूमच होता! भात अर्धा शिजलेला. मी काय करणार?"

"तरी तू तोच वाढलास ना?"

"पन्नास वर्षं झाली रे, आता तरी सोड!"

सावंतकाका शांतपणे म्हणाले, "शत्रूला मी कधीच माफ केलंय, आबा. तुला नाही."