उघडून दिलेले डोळे

अहो बाई, तिकडूनच बोला. काउंटरच्या आत यायचं नाही — नाही म्हणजे नाही. स्टुलावर बसा. पाय डुगडुगतो त्याचा, भिंतीला टेकवून घ्या. फोटो झालाय का? झालाय म्हटलं तर झालाय, आणि नाही म्हटलं तर — सांगतो ना, जरा दम धरा. आईचा एकच फोटो, त्यातही डोळे मिटलेले, तेवढे उघडून मोठा करून द्या, भिंतीवर लावायचाय — हेच ना? मी काय म्हणालो होतो? जमणार नाही म्हणालो होतो. खोटं नाही बोललो. मागच्या आठवड्यात जमत नव्हतं. रविवारी जावई आला आणि कॉम्प्युटरमध्ये नवं व्हर्जन टाकून गेला. मी म्हटलं का टाक? नाही म्हटलं. पण जावई. लेकीला म्हणता येतं गप बस, जावयाला काय म्हणणार? ‘मामा, जुनं आता बंदच होणार आहे, हे घ्या, एक बटण दाबलं की काम फत्ते’ — चहा प्यायला आणि गेला. निस्तरायला मी.

हे नवं म्हणजे कसं, माहितीये? आपण बाहेर गेलो आणि मागे कुणीतरी येऊन स्वयंपाकघर लावून गेलं — मीठ सापडत नाही आणि सगळं कसं छान मांडलंय! डाग काढायचा ब्रश वर डाव्या कोपऱ्यात असायचा, न बघता हात जायचा माझा. आता तिथे काय आहे? तीन टिंबं. टिंबांवर दाबलं की यादी, यादीत आणखी यादी. अक्षरं मुंगीएवढी, तीही काळ्यावर करडी. मी चौथी शिकलेला माणूस, पण वाचता येतं मला — दिसलं तर वाचीन ना! आणि वर उंटावरचा शहाणा. मी फोटो उघडायचा अवकाश, हे आपलं आपणच कामाला लागतं. सुरकुत्या पूस, गाल गुळगुळीत कर. अरे, तुला कोणी सांगितलं? परवा सुताराचा फोटो होता. त्याचं एक बोट करवतीत गेलेलं, सगळ्यांना ठाऊक. यानं पाचवं बोट लावून दिलं! नखासकट. सुतार हसला — म्हणाला, ‘काका, तुमच्याकडे आधी यायला हवं होतं, उगाच टाके घातले.’ तुम्हीही हसा. मला नाही हसू येत. मी आजवर कुणाच्या तोंडावरचा तीळ काढला नाही. लग्नाच्या मुलीची आई समोर बसून म्हणायची, तेवढा काढा हो — मी म्हणायचो, दुसरं दुकान बघा.

तर तुमचा फोटो सकाळी यात घातला. मी काही केलं नाही, नीट ऐका, मी हात लावला नाही. यानं आपणहून उघडले डोळे. हो. आहेत उघडे. इथे, माझ्यासमोर, या पडद्यावर आहेत — बसा! बसा म्हटलं ना. म्हणून तर पडदा माझ्याकडे वळवलाय. छान दिसताहेत का? दिसताहेत. तेच तर. वाईट दिसले असते तर मी तुम्हाला बोलावून दाखवले असते, आपण दोघांनी चार शिव्या घातल्या असत्या, विषय संपला असता. चांगले दिसतात म्हणून सांगतोय, बघू नका.

का म्हणजे? म्हातारा हट्टी आहे म्हणा. नाही — असं बघा. सगळे फोटोग्राफर एक, दोन, तीन म्हणतात आणि तीनला दाबतात. मी दोनला दाबतो. तीनपर्यंत माणसाचं लाकूड होतं. दोनला अजून माणूस असतं. ही माझी खोड घरी बायकोला ठाऊक होती. फ्लॅशचा तिला भारी राग, मग मी दोन म्हटलं रे म्हटलं की हिचे डोळे गच्च. मी ओरडायचो, ती हसायची, डोळे मिटूनच. म्हटलं जाऊ दे, घरचंच माणूस, कधीही काढू. लोकांची तोंडं सरळ करण्यात जन्म गेला आणि घरात सगळे फोटो हे असे. ती गेल्यावर डबा उपसला — एकात उघडे डोळे असतील तर शपथ.

सोमवारी दुपारी शटर अर्धं ओढलं आणि तिचा फोटो घातला यात. बटण दाबलं. जावयानं नाही, मी दाबलं. टपोरे डोळे निघाले. पाणीदार. आणि मला बरं वाटलं हो — काय लपवायचंय — बघतच बसलो. चहा निवला. मग वाटलं, हे तिचे नाहीत. बरं, मग तिचे कसे होते? आठवायला गेलो तर हेच येतात. डोळे मिटले तरी हेच. एका पापणीवर काहीतरी होतं तिच्या, बारीकसं — उजव्या की डाव्या? जन्मभर समोरासमोर बसून जेवलो आम्ही, बाई. सोमवार सकाळपर्यंत ठाऊक होतं मला.

म्हणून विचारतो. बघायच्या आधी सांगा — आईचे डोळे कसे होते? नुसते चांगले नको. चांगले सगळ्यांच्याच आईचे असतात. नीट सांगा... हं... बारीक... हसताना डावा पुरता मिटायचा?... आणि चिडल्यावर?... असं होय. रडा, रडा, रुमाल नाही माझ्याकडे, तो कापसाचा बोळा घ्या, काच पुसायचा आहे पण कोरा आहे. हे बघ पोरी, तू आत्ता जे सांगितलंस ना, त्यातलं इथे काही नाही. दोन्ही डोळे सारखे आहेत इथे. आता तू ठरव. यायचंय आत? ये. मी अडवणार नाही.

मान हलवून नाही चालायचं, तोंडानं सांग... बरं. काढून टाकतो. हे विचारतंय, बदल ठेवायचे का. नाही. गेलं. मिटल्या डोळ्यांचाच मोठा करतो, झकास करतो, सुरकुतीसुद्धा हलू देणार नाही. शनिवारी न्या.

काय?

माझा? माझा काढून टाकला का म्हणजे — तुम्हाला काय करायचंय? शनिवारी या म्हटलं ना. उठा आता, मला कामं आहेत. आणि जाताना दार ओढून घ्या.